खांद्याच्या शिवणीतला मणी

शेकाच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक बाईला आधी गळ्यातलं मंगळसूत्र काढायला सांगावं लागे. ते सांगण्याचं काम साळूबाईंकडे होतं, आणि साळूबाई विधवा होत्या.

सांगलीतल्या त्या खाजगी दवाखान्यात त्या आया म्हणून लागल्या त्याला काही वर्षं झाली होती. मूळच्या त्या कराडच्या वरच्या अंगाच्या, कोयनाकाठच्या. नवरा मानसिंग पलटणीत होता, पासष्टच्या लढाईत गेला. सासरी दीर-जावांचं राज्य, म्हणून भावाच्या आधारानं त्या सांगलीला आल्या. आधी फरशी पुसायच्या, मग बाळंतिणींच्या खोलीत काम करायच्या. चौऱ्याहत्तर साली दवाखान्यात शेकाचं नवं मशीन आलं, तेव्हा डॉक्टरांनी त्यांना मशीनच्या खोलीत नेमलं. हात हलका आणि बोलणं मऊ, एवढंच कारण.

मशीनवर चारुशीलाताई असत. वाईच्या चांगल्या घरातली, पुण्याला शिकून आलेली ही तरुण बाई मशीनला मायक्रोवेव्ह म्हणे. पेशंट बायका त्याला ‘बिनविस्तवाचा शेक’ म्हणत, आणि तेच नाव खरं तर जास्त नेमकं होतं. एका दांड्याला ताटासारखं तोंड लावलेलं. ते खांद्यापासून, गुडघ्यापासून वीतभर लांब धरायचं आणि बटण फिरवायचं. उजेड नाही, ज्वाळा नाही. नुसती बारीक गुणगुण, आणि थोड्या वेळानं मांसाच्या आत ऊब.

“पण धातू चालत नाही, साळूबाई,” चारुशीलाताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. “वाटेत धातूचा तुकडा आला की सगळी ऊब त्याच्याभोवती गोळा होते आणि खालचं कातडं भाजतं. लहान तुकडा जास्त फसवा. पाटली डोळ्यांना दिसते, टाचणी दिसत नाही.”

साळूबाईंनी हे एकदा ऐकलं ते कायमचं. बाई आत आली की त्या आधी तोंडानं विचारत आणि मग हातानं बघत. गळ्याभोवती, खांद्यावर, चोळीच्या शिवणीवरून बोटं फिरवत. केसातला आकडा, चोळीला टोचलेली पिन, दंडाला काळ्या दोऱ्यात बांधलेला ताईत, असं काहीबाही त्या बोटांना रोज सापडे. बायका खोटं बोलत असं नाही. अंगावरची वस्तू अंगाचीच होऊन गेली की ती आठवत नाही.

मंगळसूत्राचं मात्र तसं नव्हतं. ते काढा म्हटलं की बाईचा हात आपोआप गळ्याशी जाई. आणि सांगणारीचं कपाळ पांढरं बघून तो हात आणखी घट्ट होई.

साळूबाईंनी त्यावर आपली वाट काढली होती. सूत्र तुटलं की ते पुन्हा गुंफून होईपर्यंत गळा मोकळा राहू नये म्हणून बायका पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधतात. त्यांनी बिस्किटाच्या जुन्या डब्यात तशी हळकुंडं दोऱ्यासकट तयार करून ठेवली होती. डबा त्या पुढं सरकवत. हळकुंड उचलायचं बाईनं, बांधायचंही तिनंच. त्या स्वतः बांधत नसत. कुणी शिकवलं नव्हतं, पण त्यांना ठाऊक होतं.

“काढा आक्का, घटकाभर तर काम हाय.”

“आवं, पर मालक काय म्हणतील?”

“मालक भायेर बाकावर बसल्यात. मणी ह्या ताटलीत ऱ्हातील, मालक बाकावर ऱ्हातील. दोन्ही जाग्यावर घावतील तुमाला.”

मग बाई हसे आणि हळकुंड बांधून निमूट स्टुलावर बसे.

बनुबाई आली ती पावसाळा सरता सरता. पलूसच्या अलीकडच्या एका गावची, पंचविशीची, रंगानं सावळी आणि डोळ्यांत सतत काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखी. उसाच्या वाढ्याच्या, म्हणजे शेंड्यांच्या वैरणीच्या, गाडीवरून ती खाली पडली होती. हाडवैद्यानं हात छातीशी बांधून ठेवला. तो सोडला तेव्हा डावा खांदा धरलेला. हात छातीच्या वर येईना.

पहिल्या दिवशी दीर सोबत आला होता. तो बाहेर थांबला. साळूबाईंनी डबा पुढं केला, बनुबाईनं उजव्या हातानं आणि दातांनी हळकुंडाचा दोरा बांधला. बाही मात्र निघेना. खांदाच धरलेला, तर चोळीतून हात बाहेर काढायचा कसा? चारुशीलाताईंनी चोळी बघितली. सुती, कोरडी, पुढं गाठ मारायची. हूक नाही, बटण नाही. “राहू द्या, चालेल,” त्या म्हणाल्या. साळूबाईंनी गळ्यापासून खांद्यापर्यंत बोटं फिरवली आणि मान हलवली. काही नव्हतं.

शेक चालू असताना बनुबाई बोलत राही. साळूबाईंना तिचं सगळं घर असंच कळलं. नवरा आकाराम. विट्याकडच्या मामानं त्याला पोरवयातच मदुराईला सोन्याचांदीच्या गलाईच्या कामाला नेलं होतं. सोनारांचं मोडीचं सोनं भट्टीत वितळवून शुद्ध करायचं, ते काम. लग्नाला सात वर्षं झाली होती, आणि त्या सात वर्षांत नवऱ्याबरोबर राहणं झालं ते दरसालच्या दिवाळीपुरतं.

“औंदा खोली घेतलीया त्यांनी,” एकदा ती म्हणाली. “दिवाळीला येत्यात. मला संगं नेणार म्हनत्यात.”

“मग लय झ्याक झालं की!”

“पर दुकानातल्या पोरास्नी रांधाय लागतंय मावशी. पानी तिसऱ्या माळ्यावर. खालनं हांडं न्यायचं. सासू म्हनती, एका हाताची बाई तिथं काय कामाची? हात वर गेला तर जा, न्हाईतर बस हितंच.” आणि मग हळूच, “जाईल न्हवं मावशी? दिवाळीपतूर?”

“जाईल की. का न जायाला?”

आणि हात खरंच वर जाऊ लागला होता. छातीपासून गळ्यापर्यंत आला, मग हनुवटीपर्यंत. एके दिवशी बनुबाईनं डाव्या हातानं स्वतःचा गाल पुसला आणि लहान पोरीसारखी हसली. चारुशीलाताईसुद्धा खूश झाल्या.

त्याच्या पुढच्या खेपेला दिराऐवजी सासू आली. तानुबाई. उंच, हाडकुळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघणारी. ती बाहेर बसली नाही, थेट खोलीत आली. सुनेच्या गळ्यातलं सूत्र ताटलीत पडलेलं तिनं बघितलं, गळ्यातलं हळकुंड बघितलं, आणि मग सुनेच्या गळ्याशी, खांद्याशी फिरणारी साळूबाईंची बोटं बघितली.

“आगं बया! ह्यो काय परकार?”

“आक्का, शेकाला धातू चालत न्हाई. म्हनून हातानं बघाय लागतंय.”

“सवाशिनीच्या गळ्याला हात लावतीस? तुजं तू काढून बसलीस, आता माज्या सुनंचं काढतीस व्हय? माजा ल्योक परमुलखात इस्तवाशी काम करतोय, कळतंय का तुला?”

चारुशीलाताई मध्ये पडल्या. म्हणाल्या, हा दवाखाना आहे, इथं असं बोलायचं नाही. तानुबाई गप्प झाली, पण साळूबाईंकडं पाठ करून बसली. बनुबाईनं मान खाली घातली. त्या दिवशीचा शेक पार पडला.

साळूबाई घरी गेल्या, भाकरी थापल्या, जेवल्या नाहीत. त्यांना असलं बोलणं नवं नव्हतं. लग्नकार्यात मागच्या ओळीत बसायचं, हळदीकुंकवाच्या दिवशी दार लोटून घ्यायचं, हे त्यांनी कधीच अंगवळणी पाडलं होतं. पण शेकाची खोली ही त्यांची जागा होती. तिथं त्यांच्या हातांना काम होतं, मान होता. तो हातच कुणीतरी अपशकुनी ठरवला. पलटणीच्या तारेनंतर आळीतल्या बायकांनी त्यांचं सूत्र काढलं होतं, त्यांनी स्वतः नव्हतं काढलं. हे तानुबाईला कोण सांगणार?

पुढच्या खेपेला पुन्हा दोघी आल्या. साळूबाईंनी ताटली पुढं केली, हळकुंडाचा डबा पुढं केला, आणि दोन्ही हात पदरात घेतले.

“आनि काय हाय का अंगावर?”

बनुबाईनं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं. मग सासूकडं. “न्हाई,” ती म्हणाली.

साळूबाईंचे हात पदरातून बाहेर आले नाहीत. विचारणं वेगळं आणि बघणं वेगळं, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण त्यांच्या मनात आलं, नको ना माझा हात? मग राहिलं. विचारायचं काम माझं, ते मी केलं.

चारुशीलाताईंनी मशीन लावलं आणि शेजारच्या खोलीत दुसऱ्या पेशंटकडं गेल्या. गुणगुण सुरू झाली. एरवी बोलत बसणारी बनुबाई आज गप्प होती. साळूबाई खिडकीशी उभ्या होत्या, तानुबाईकडं न बघण्याचा प्रयत्न करत. थोड्या वेळानं त्यांना सूत जळल्यासारखा वास आला. वळून बघतात तो बनुबाईनं खालचा ओठ दातांत धरलेला, डोळ्यांतून पाणी चाललेलं, आणि तोंडातून आवाज नाही.

साळूबाईंनी धावत जाऊन बटण बंद केलं.

चोळीच्या खांद्यावर, गळ्याजवळच्या शिवणीत, आत एक मणी शिवलेला होता. सोन्याचा, ज्वारीच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा. त्याखाली चिंचोक्याएवढं कातडं पांढरं पडलं होतं.

हळूहळू सगळं कळलं. घरी गेल्यावर तानुबाईनं सुनेला बजावलं होतं, गळा सोन्याविना ठेवू नको, काहीतरी सोनं अंगाशी असू दे. बनुबाईकडं तो एक मणी होता. आकारामनं लग्नाच्या पहिल्या साली भट्टीत स्वतः शुद्ध केलेल्या सोन्याचा, त्यानं हातानं घडवून आणलेला. सासूची आज्ञा आणि नवऱ्याची वस्तू, दोन्ही एका मण्यात मावलं. तिनं तो चोळीत शिवला. उजव्या हातानं शिवायचं, म्हणून डावा खांदा. तो दुखरा होता हे तेव्हा तिच्या मनातही आलं नाही.

“अगं, पण चटका बसला तर ओरडायचं नाही का?” चारुशीलाताई जवळजवळ रडकुंडीला आल्या होत्या. “सांगितलं होतं ना मी, गरम लागलं की बोला म्हणून?”

“मला वाटलं, आज शेक लागू पडतुया,” बनुबाई म्हणाली. आणि मग अगदी हळू, “आनि बोलली असती तर मनी घावला असता.”

डॉक्टर आले, मलम लावलं, पट्टी बांधली. त्यांनी साळूबाईंना विचारलं, तुम्ही विचारलं होतं का? साळूबाई म्हणाल्या, “इचारलं व्हतं.” पेशंट काय म्हणाली? “न्हाई म्हनली.” मग तुमचा दोष नाही, डॉक्टर म्हणाले आणि दुसऱ्या पेशंटकडं गेले. चारुशीलाताईंनीही पाठीवर हात ठेवला. “मनाला लावून घेऊ नका, साळूबाई. ती खोटं बोलली, तुम्ही काय करणार?”

हात पदरात घेतल्याचं त्यांना कुणी विचारलं नाही. आणि साळूबाईंनी सांगितलंही नाही. सगळ्यांनी सोडून दिलं, आणि त्यामुळेच त्यांना सुटता येईना.

बनुबाई परत आली नाही. एक आठवडी बाजार गेला, दुसरा गेला. पलूसकडच्या एका पेशंट बाईनं सांगितलं, जखमेवर घरचा पाला लावला, ती चिघळली, पू झाला, हात पुन्हा छातीशी बांधलाय. ते ऐकलं आणि साळूबाई रविवारची सुट्टी धरून एस.टी.नं निघाल्या. पलूसला उतरून, ऊसमळ्यांच्या मधल्या वाटेनं विचारत विचारत गावात गेल्या.

तानुबाई दारातच होती. “कशाला आलीस? भाजून मन भरलं न्हाई व्हय?”

“जखम बघाय आली. आनि हात मोकळा ठिवला न्हाई तर खांदा पार धरंल आक्का. मग शेकानं बी सुटायचा न्हाई.”

“दवाखाना पुरं झाला आमाला.”

“दवाखान्यात नगा येऊ. मी हितं येते. तेल लावते, हात हालवते. बोटं भितीवरनं वर चढवायची, रोज वाईच वाईच. त्येला मशीन नगं का काय नगं.”

“तू हात लावनार?” तानुबाईनं विचारलं.

आतून बनुबाईचा आवाज आला. “लावू द्या आत्ती. दिवाळी तोंडावर आलीया.”

साळूबाई दर रविवारी जाऊ लागल्या. दवाखान्यातून मलम आणि पट्ट्या नेत, चारुशीलाताई न विचारता द्यायच्या. जखम भरली. पण खांदा पहिल्यापेक्षाही घट्ट झाला होता. भिंतीशी उभं राहून बनुबाई बोटं वर चढवायची. चुलीजवळच्या सारवलेल्या भिंतीवर हात सारवणाच्या रेघेपर्यंत जायचा आणि थांबायचा. “अजून एक बोट,” साळूबाई म्हणायच्या. “अजून एक.” बनुबाई दात आवळून एक बोट वर सरकवायची आणि हात खाली पाडायची. तानुबाई चुलीपुढून बघायची.

दिवाळीला आकाराम आला. शांत माणूस, बोटांची टोकं भट्टीनं काळी पडलेली. त्यानं साळूबाईंना रामराम केला, त्यांच्यासाठी चहा करायला लावला, एवढं कुणी केलं नव्हतं त्या घरात. बायकोचा हात भिंतीवर जिथं थांबत होता तिथं त्यानं बघितलं. बराच वेळ बघितलं.

“काय म्हनतायसा मावशी? तुळशीच्या लग्नापतूर?”

साळूबाईंना खोटं बोलता आलं नाही. “एवढ्यात न्हाई जमायचं दादा. उन्हाळा उजाडंल.”

आकाराम मान हलवून उठला. त्याच्या दुकानातल्या पोरांना उन्हाळ्यापर्यंत उपाशी ठेवता येणार नव्हतं. तुळशीचं लग्न झालं आणि तो गेला. खोली रिकामी राहू नये म्हणून चुलतभाऊ आणि त्याची बायको बरोबर गेली. ती धडधाकट होती, दोन हांडे एकावर एक घेऊन जिना चढणारी. पुढच्या सालाचं पुढं बघू, असं तो बनुबाईला म्हणाला. तिनं हे साळूबाईंना सांगितलं तेव्हा दोघी भिंतीशीच उभ्या होत्या, आणि सांगताना बनुबाईची बोटं वर चढत होती.

त्यानंतरच्या एका रविवारी तानुबाई मळ्यात गेली होती. दोघीच घरात. साळूबाई खांद्याला तेल लावत होत्या. पोळल्याचा डाग आता तांबूस, गुळगुळीत झाला होता. बोट त्यावरून गेलं की बनुबाई अंग चोरायची.

“मावशी,” ती म्हणाली, “माजंच चुकलं. न्हाई म्हनली म्या. तुमी इचारलं व्हतं, आनि खोटं बोलली. तुमाला उगं ह्यो हेलपाटा.”

साळूबाईंचा हात थांबला. हे ऐकण्यासाठी त्या इतके रविवार आल्या नव्हत्या. आणि हे ऐकून तसंच घरी जाणं त्यांना जमणार नव्हतं.

“तुजं न्हाई चुकलं बनू. मी हात फिरीवला असता तर मनी घावला असता. रोज फिरीवते. त्या दिवशी न्हाई फिरीवला.”

“का?”

“राग आलता मला.”

“सासूचा?”

“व्हय.”

बनुबाई वळली नाही. मग तिनं उजव्या हातानं चोळी खांद्यावर ओढून घेतली, सावकाश, आणि गाठ नीट केली.

“राग सासूचा,” ती म्हणाली, “आनि खांदा माजा.”

साळूबाईंनी तेलाच्या बाटलीचं झाकण लावलं.

बनुबाई उठली. चहा टाकला. कपबशी पुढं ठेवली, बशीत नीट ओतून दिला, सुनेनं पाहुणीला द्यावा तसा. आवाजात राग नव्हता, आणि तेच साळूबाईंना जड गेलं.

“पुढच्या रविवारी येऊ नगा मावशी. हात मी चालवीन भितीवर, तुमी शिकवलंय तसा. चुकवायची न्हाई. पर तुमी आलात की मला त्यो दिस आठवतोय. आनि आता त्येच्या जोडीला ह्यो बी आठवंल.”

“बरं,” साळूबाई म्हणाल्या.

त्या निघाल्या. तेलाची बाटली त्यांनी कोनाड्यात ठेवली, परत नेली नाही. बनुबाई दारापर्यंत आली आणि उजव्या हातानं पदर सावरून उभी राहिली. डावा हात तिनं हलवायला घेतला, निरोप द्यायला, तो अर्ध्यावर आला आणि तिथंच राहिला. साळूबाईंनी मान हलवली आणि वाट धरली.

सांगलीला शेकाच्या खोलीत त्या पुढं कित्येक वर्षं होत्या. कुणी कितीही बोललं तरी त्यांची बोटं प्रत्येक बाईच्या शिवणीवरून फिरत. कुणी हात झटकला तर त्या थांबत, चारुशीलाताईंना हाक मारत, आणि बघितल्याशिवाय बटण फिरवू देत नसत. नव्या आलेल्या आयांना त्या एवढंच शिकवत. का, ते सांगत नसत.

पलूसकडची कुणी बाई आली की मात्र त्या हळूच विचारत, त्या गावची का तुमी? बनू कशी हाय? कुणी म्हणे, बरी हाय. कुणी म्हणे, मला ठावं न्हाई. मदुराईला गेली का, हे विचारायचं त्यांच्या ओठांवर येई. पण ते त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही.